नवी सायकल, सतराव्या दिवशी डावं पेडल हातात: आपल्या खानदेशातल्या सायकल दुकानांबद्दल बोलू या

गिरणाकाठ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण आठवडाभर हे डोक्यातून जात नाहीये.

जळगावातल्या एका मोठ्या दुकानातून जूनमध्ये मुलीसाठी सायकल घेतली. ती आठवीत गेली, शाळा घरापासून साडेतीन किलोमीटर. सायकल ७,८०० रुपयांची. दुकानात एसी, काचेचा दरवाजा, बसायला सोफा, थंड पाणी. सगळं छान. फक्त सायकल कोण चालवणार, रस्ता कसा आहे, दप्तर किती जड असतं, हे कोणी विचारलं नाही. "चाळीस मिनिटं बसा, फिटिंग करून देतो" म्हणाले आणि खोकं मागच्या बोळात नेलं. आम्ही पुढे बसलो.

सतराव्या दिवशी आकाशवाणी चौकाच्या अलीकडे डावं पेडल निखळून पडलं. पोरगी बाजूला कोसळली. गुडघा सोलला, तेवढ्यावर निभावलं. ज्याने तो रस्ता सकाळी साडेसहाला पाहिलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

दुकानात गेलो. उत्तर मिळालं: "ढिलं पेडल तसंच चालवलं, म्हणून आटे गेले. हे वॉरंटीत बसत नाही."

घरी येताना लिंबाच्या झाडाखाली बसणाऱ्या एका आबांकडे थांबलो. त्यांच्याकडे एक लोखंडी पेटी, पंप आणि पाण्याचं घमेलं, एवढंच दुकान. त्यांनी निखळलेलं पेडल उलटं करून टोकावरचं अक्षर दाखवलं. "आर" होतं. म्हणजे उजवं पेडल डाव्या बाजूला ठोकून बसवलेलं. मग क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्याच्या, भोकात बोट फिरवायला लावलं. आटे चपटे झालेले बोटाला कळले.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पेडलं सायकलच्या पुढच्या दिशेने फिरवली की घट्ट होतात, म्हणून उजवं सरळ आट्यांचं आणि डावं उलट्या आट्यांचं. तसं नसतं तर पाय मारता मारता डावं पेडल आपोआप सैल होत गेलं असतं. हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी गिऱ्हाईक आहे, मला माहीत नसेल. पण जो सायकल जोडतो त्याला माहीत नसावं?

लहानपणी पाचोऱ्याला आमचा पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडा दाखवायचा, मग टायरमधून काटा काढून हातावर ठेवायचा. त्या दोन गोष्टी पाहिल्या की पैसे देताना मन खात नसे. एसीच्या दुकानात मला काहीच दाखवलं नाही. माझं दुखणं तेवढंच आहे. तुमचे अनुभव सांगा, चांगले असतील तेही.


भुसावळचा जुना | रविवार, रात्री १०:०२

मुलगी बरी आहे ना भाऊ? आधी ते सांगा.

मी रेल्वेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आमच्या वेळी भुसावळला यार्डाच्या गेटबाहेर पाळी सुटली की सायकलींचा लोंढा निघायचा. २८ इंची काळी सायकल, मागे डबा. तेव्हा तासावर भाड्याने सायकली मिळायच्या. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, दुकानदाराच्या वहीत नाव आणि वेळ. भाड्याच्या सायकलीचं एक बरं होतं: ती बिघडली तर नुकसान दुकानदाराचं. त्यामुळे रोज सकाळी तो स्वतः प्रत्येक चाक उचलून फिरवून बघायचा, ब्रेक दाबायचा, चेनला तेल द्यायचा. विकली की संपलं, असा धंदाच नव्हता तो.

माझी सायकल अजून आहे. वर्षातून एकदा ओव्हरऑइल करून घेतो. हब (चाकाचा मधला भाग) उघडून छर्रे काढायचे, रॉकेलमध्ये धुवायचे, छर्रे जिच्यात फिरतात ती कटोरी बोटाने तपासायची, खड्डा पडला असेल तर बदलायची, नवीन ग्रीस भरायचं. आमचा मिस्त्री धुतलेले छर्रे कागदावर मांडून मला बोलवायचा. ज्याची चमक गेली तो बाजूला. "साहेब, एक खराब निघाला तर सगळे नवे टाकू, जुन्यात एक नवा टाकला तर सगळा भार त्याच्यावरच येतो." हे त्याचं म्हणणं मी नंतर इंजिनांच्या बेअरिंगलाही खरं ठरताना पाहिलं.

तो मिस्त्री गेला. मुलगा मोटरसायकलच्या गॅरेजवर आहे. आता ओव्हरऑइलला दिली की बाहेरून तेल मारून परत देतात. हब उघडलाच नाही हे मला चाकाच्या आवाजावरून कळतं. भांडण करायचं वय राहिलं नाही, पण वाईट वाटतं.


पांझराकाठ | रविवार, रात्री १०:२०

भाऊ, तुम्हनी गोठ बरोबर शे. आमना गावमा सायकलनं दुकानच नही, पंचर काढाले आठ किलोमीटर जानं पडस. साक्री तालुक्यातलं बोलतोय. शाळेची पोरं पंक्चर सायकल ढकलत घरी आणतात आणि ती पंधरा दिवस भिंतीला टेकून राहते. पिकं निघाली की बांधाबांधावर सराटे. एका ट्यूबमध्ये सात-सात भोकं. दुकानदार म्हणतो नवी ट्यूब टाका. मी शेवटी पंप, सोल्युशन आणि पॅच घरी आणून ठेवले. पण एक सांगा, उन्हाळ्यात लावलेला पॅच महिन्याभरात सुटतो. हवा जास्त होते म्हणून का? दुकानदार तर म्हणतो मे महिन्यात निम्मीच हवा ठेवा.


सातपुड्याच्या पायथ्याला | सोमवार, सकाळी ६:१५

जिभाऊ, निम्मी हवा ठेवू नका. हिशोब करून सांगतो. सकाळी २५ अंशांना ६० पौंड हवा भरली आणि दुपारी टायर ४५ अंशांवर गेलं, तर दाब साधारण ६५ होतो. उन्हात उभी करून टायर ६० अंशांपर्यंत तापलं तरी ६९च्या आसपास. चांगलं टायर त्याने फुटत नाही. फुटतं ते कडेला भेगा पडलेलं, किंवा रिमच्या कडेत नीट न बसलेलं. उलट हवा निम्मी ठेवली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती समजा.

पॅच सुटतो तो घाईमुळे. ट्यूब खरवडायची, सोल्युशन लावून पाच मिनिटं पूर्ण वाळू द्यायचं, हाताला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबायचा. ओल्या सोल्युशनवर पॅच मारला की आपल्याकडच्या उन्हात तो सरकतोच. मी तोरणमाळचा घाट दरवर्षी चढतो. उतरताना रिम ब्रेकने रिमही तापते, तरी माझे तीन वर्षं जुने पॅच टिकून आहेत.


धुळ्याचा दुकानदार | सोमवार, दुपारी २:४०

माझं सायकलचं दुकान आहे, वडिलांपासून. नाव टाकत नाही, जाहिरात नको. गिरणाकाठ भाऊ, तुमच्या मुलीच्या बाबतीत चूक शंभर टक्के दुकानाची आहे. पेडल पहिल्या दोन-तीन आट्यांत हाताने गेलं नाही तर पाना लावायचाच नाही, हे कारागिराला पहिल्या दिवशी शिकवायचं असतं.

पण हे का होतं ते आतून सांगतो. माल लुधियानाहून खोक्यात येतो. फ्रेम, चाकं, बहुतेक भाग जोडलेले. हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट, ब्रेक आपण बसवायचे. गिऱ्हाईकाला वाटतं एवढंच काम. खरं काम वेगळंच. कारखान्यातून आलेल्या चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे होणारी लचक, काढावा लागतो, तारा सारख्या ताणाव्या लागतात, हबमधले छर्रे दाबून धरणारे कोन कधी आवळलेले असतात तर कधी ढिले, हँडलच्या कटोरीत ग्रीस नावाला असतं. नीट केलं तर एका सायकलीला दीड तास. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा दिवसाला पंधरा सायकली जातात आणि हाताखाली दोन पोरं. मजुरी कशी? नगावर. जेवढ्या सायकली जोडशील तेवढे पैसे. आता तुम्हीच सांगा, तो पोरगा आऊट काढत बसेल का? मी स्वतः वर्षानुवर्षं नगावर पैसे दिले. एकदा एका मुलाच्या सायकलीचा पुढचा चिमटा, ज्यात पुढचं चाक बसतं तो, कारागीर उलटा बसवून गेला, वळताना त्याचा पाय चाकाला लागायला लागला, तेव्हा मी हादरलो. त्या दिवसापासून रोजंदारी केली. जूनमध्ये गिऱ्हाईकाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी या म्हणतो. काही जण समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

दुसरं. कारागीर मिळत नाहीत हे भुसावळच्या काकांनी लिहिलंच आहे. सायकल दुरुस्तीत दिवसाला जे सुटतं त्याच्या दुप्पट मोटरसायकलच्या गॅरेजवर सुटतं. त्यात आता गिअर, डिस्क ब्रेक, सस्पेन्शन. गिअरच्या सायकलीची चेन जुन्या सायकलीच्या चेनपेक्षा अरुंद असते, तिला लागणारं हत्यार वेगळं, सेटिंग वेगळं. हे पोरांना शिकवणारं आपल्याकडे कोणी नाही. मी मोबाइलवर बघून शिकलो.

एक विनंती सगळ्यांना. नवी सायकल महिन्याने परत दुकानात आणा. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत जागेवर बसून ढिल्या होतात, ब्रेकच्या केबल सैल होतात. मी पहिली सर्व्हिस फुकट देतो, बिलावर लिहून देतो, तरी दहातले दोन-तीनच येतात.


अमळनेरी | सोमवार, दुपारी ३:२५

दादा, तुम्ही चांगले आहात, पण सगळे तसे नाहीत. मी ऑनलाइन सायकल मागवली. अमळनेरात दोन दुकानांत फिटिंगला नेली. पहिल्याने हातच लावला नाही. दुसरा म्हणाला, "जिथून घेतली तिथेच जा." मला राग आला, कारण मी पैसे द्यायला तयार होतो. शेवटी स्वतः जोडली आणि मागचा गिअर आजही चौथ्यावर टिकत नाही.


धुळ्याचा दुकानदार | सोमवार, दुपारी ४:०५

हाकलून देणं चूकच. पण त्या दुकानदाराची भीतीही समजून घ्या. खोक्यातच हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्याला लटकतो तो तुकडा, वाकलेला असतो, आणि नंतर गिऱ्हाईक म्हणतं तुम्हीच वाकवला. मी उपाय केलाय: खोकं गिऱ्हाईकासमोर उघडतो, जे वाकलंय ते आधी दाखवतो, मजुरी आधी सांगतो, मगच पाना घेतो. आजवर वाद झालेला नाही. तुमचा गिअर चौथ्यावर टिकत नसेल तर मागून बघा, चेन ज्यांच्यावरून जाते त्या खालच्या दोन्ही छोट्या चकत्या गिअरच्या रेषेत सरळ उभ्या आहेत का. तिरक्या दिसल्या तर हँगर वाकलाय. केबल कितीही आवळा, उपयोग नाही. धुळ्याला येणं झालं तर घेऊन या.


शहादेकर | सोमवार, रात्री ९:५०

मी शिक्षिका आहे, नंदुरबार जिल्ह्यात. हा धागा वाचून राहवलं नाही.

मानव विकास कार्यक्रमातून आमच्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी ३,५०० होते, २०२२ पासून ५,००० झाले. सायकल पालकांनी दुकानातून घ्यायची आणि बिल शाळेत द्यायचं. इथे खरी अडचण सुरू होते. बाप मजुरी बुडवून पोरीला घेऊन तालुक्याला जातो. दुकानदार बोलतो फक्त बापाशी. पोरगी उभी आहे, सायकल तिची आहे, पण "बसून बघ बाळा" असं तिला कोणी म्हणत नाही. मग तिचे पाय टेकत नाहीत अशी सायकल घरी येते. "पुढच्या वर्षी उंची वाढेल" म्हणे. यंदा पडली तर?

माझ्या वर्गातल्या एका मुलीची ओढणी मागच्या चाकात गेली. त्या सायकलीला चेन कव्हर नव्हतं, मागच्या चाकाला जाळीही नव्हती. दिसायला स्पोर्टी, मुलांसारखी. विकणाऱ्याला समोर सलवार-ओढणीतली मुलगी दिसत होती ना? एक वाक्य बोलला असता तर? गळ्याला फास बसायचा राहिला, मागून येणाऱ्या मुलीने ओरडून थांबवलं म्हणून.

आणि बिल. "पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा पडेल" असं पालकांना सांगतात. हे खरं आहे का? कोणी जाणकार सांगेल का?


बोरीचा वकील | सोमवार, रात्री ११:१५

ताई, अजिबात खरं नाही. छापील किंमत सर्व कर धरूनच असते. तिच्यावर वेगळा कर मागता येत नाही. दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची) असेल तर त्याला गिऱ्हाईकाकडून कर घेताच येत नाही, पण बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर न लावलेलं बिल, द्यावंच लागतं. शिवाय सायकलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे किंमत उतरायला हवी, चढायला नाही.

गिरणाकाठ भाऊंसाठी: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरतात. तुम्ही सतराव्या दिवशी गेलात, म्हणजे मुदतीत आहात. तुमच्या बिलामागे बहुधा "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असेल. सदोष मालाला ते लागू पडत नाही. आधी दुकानाला लेखी द्या, पेडलचा आणि क्रँकचा फोटो जोडा. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंदवा. त्यानेही झालं नाही तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही. पण माझा अनुभव, दहातली नऊ प्रकरणं त्या लेखी पत्रावरच मिटतात. आबांनी दाखवलेलं ते "आर" अक्षर हाच तुमचा पुरावा. पेडल फेकू नका.


केळीबाग चोपडा | मंगळवार, सकाळी ७:३०

माझा विषय लहान आहे. २६चं टायर मागितलं, दुकानदाराने २६चंच दिलं, घरी बसेना. परत गेलो तर म्हणे तुमची रिम वाकडी. रिम सरळ आहे. कोणाला काही कळतंय का?


सातपुड्याच्या पायथ्याला | मंगळवार, सकाळी ८:१०

दादा, २६ नावाची टायरं एकाहून जास्त आहेत. जुन्या लेडीज आणि साध्या सायकलींना २६ × १ ३/८ लागतं, त्याच्या रिमचं माप ५९० मिलिमीटर. जाड टायरच्या एमटीबीला २६ × १.९५ किंवा २.१०, त्याचं ५५९. एकतीस मिलिमीटरचा फरक, कितीही जोर लावा, बसणार नाही. जुन्या टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ५९० किंवा ५५९ असा आकडा कोरलेला असतो, तो वाचून सांगा, इंचात बोलूच नका. काळ्या २८ इंची सायकलीचं ६३५, आणि गिअरवाल्या ७००सीचं ६२२, तीसुद्धा एकमेकांची बसत नाहीत. दुकानदाराने खरं तर तुम्हाला जुनं टायर घेऊन या म्हणायला हवं होतं.


केळीबाग चोपडा | मंगळवार, सकाळी ९:००

५९० लिहिलंय! दिलेल्यावर ५५९. दोन आठवडे दूध घालायला पायी जातोय मी. आज बदलून आणतो.


भुसावळचा जुना | मंगळवार, सकाळी ९:४०

दुधाचं काम असेल तर ट्यूबही ५९०चीच मागा, आणि मागच्या टायरला जाड बघा. पंधरा-वीस लिटरचा कॅन मागे असतो.


गिरणाकाठ | पुढचा रविवार, रात्री ८:३०

मुलगी बरी आहे काका. खपली धरली, शाळेत जाते.

वकील भाऊंनी सांगितलं तसं लेखी पत्र आणि चार फोटो घेऊन शनिवारी गेलो. आवाज चढवला नाही. पेडल टेबलावर ठेवलं आणि मालकाला म्हटलं, टोकावरचं अक्षर वाचा. त्यांनी वाचलं, उजव्या बाजूचं काढून बघितलं, त्यावर "एल". थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मागच्या बोळातून पोराला बोलावलं. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, हात ग्रीसने काळे. मला वाटलं आता त्याला झापणार. मालकाने त्याला नुसतं विचारलं, "हे तुला कोणी दाखवलं होतं का?" तो नाही म्हणाला. मालक म्हणाले, "मग चूक माझी."

दोन्ही क्रँक आणि पेडलं नवी बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, फिटिंग इथेच करा, पुढे. पोराने सोफ्याच्या बाजूला सतरंजी टाकून आमच्यासमोर काम केलं. पुढच्या चाकाचा आऊटही काढला. सायकल उलटी करून चाक फिरवलं आणि ब्रेक रबरापाशी फट कुठे कमी होते ते मुलीला दाखवलं. डावं पेडल मुलीने स्वतः हाताने तीन आटे बसवलं, मग पाना लावला. सीट दोन बोटं खाली घेतली. इतके दिवस ती टाचा उचलून थांबत होती, हे मला बाप असून दिसलं नव्हतं.

धुळ्याच्या दादांचं रोजंदारीचं म्हणणं मी त्या मालकांना सांगितलं. जूनमध्ये परवडत नाही म्हणाले, पण पोराचं नाव आणि नगावरचा दर मी विचारला तेव्हा तो दर ऐकून माझाच घसा दाटला. त्या पैशात दीड तास कोणी देणार नाही. याच्यावर दादांनी अजून लिहावं, हंगामात रोजंदारी कशी जमवतात ते. मी त्या मालकांना वाचायला देईन.

आबांना जाऊन सांगितलं. त्यांनी जुना क्रँक ठेवून घेतला, शिकायला येणाऱ्या नातवाला दाखवायला.

शहादेकर ताई, दोन्ही पेडलांच्या टोकाचे फोटो उद्या इथे टाकतो, "एल" आणि "आर" स्पष्ट दिसतील असे. तुमच्या मुलींना वर्गात दाखवता येतील का? मराठीत बाण काढून हवे असतील तर तसं करून देतो.